मधला वेळ

दिनकररावांचा फोन आला तेव्हा मी लखनौच्या महानगर भागातल्या आमच्या गल्लीच्या तोंडाशी सब्जीवाल्याकडे पालक निवडत होतो. सकाळचे साडेनऊ झाले असतील. "भाऊ, शैला राहिली नाही," ते म्हणाले. पहाटे छातीत दुखलं, गाडी येईपर्यंत सगळं संपलं होतं. सब्जीवाला "और कुछ, भाईसाहब?" विचारत राहिला आणि मी त्याच्याकडे नुसता पाहत होतो. आठच दिवसांपूर्वी मी वृंदावन योजना या वसाहतीतल्या त्यांच्या घरी जाऊन आलो होतो. शैलाताईंनी चहाबरोबर माझ्या हातात कागदाचा एक कपटा आणि पेन्सिल दिली होती आणि म्हणाल्या होत्या, "आधी अंदाज लिहा, मग बिस्कीट."

शैलाताई मूळच्या भंडाऱ्याच्या. नवऱ्याच्या, दिनकररावांच्या, रेल्वेतल्या नोकरीमुळे लखनौला आल्या, आणि आलमबागकडच्या मुलींच्या एका शाळेत सव्वीस वर्षं विज्ञान शिकवत राहिल्या. आमची ओळख बुद्धपौर्णिमेच्या एका कार्यक्रमात झाली. इथल्या मराठी कुटुंबांनी मिळून खीर केली होती. मोठ्या पातेल्यावर झाकण होतं आणि त्या शेजारच्या बायकांना विचारत होत्या, "वर साय आली असेल का नाही? पाहू नका, सांगा." मी संशोधन संस्थेत ग्रंथपाल होतो, नुकताच निवृत्त झालो होतो. माणसांत फारसा रमत नाही. पण पातेल्याजवळ थांबलो आणि "नसेल" म्हणालो. झाकण काढलं तर जाड साय. "चुकलात," त्या खुशीत म्हणाल्या. "चुकलेला माणूस नीट पाहतो, भाऊ." वर्गातही त्यांची हीच रीत होती. कुठलाही प्रयोग सुरू करण्याआधी प्रत्येक मुलीनं आपला अंदाज वहीत लिहायचा. बरोबर आला म्हणून शाबासकी मिळत नसे, आणि न लिहिता प्रयोगाला हात लावता येत नसे.

मग त्यांच्या शाळेत मोठा डिजिटल फळा आला. तरुण शिक्षिका तो सहज वापरू लागल्या. शैलाताईंना मात्र सुरुवातीला तो चालू करायलाही मुलींना हाक मारावी लागे. याचा त्यांना राग आला नाही, कुतूहल वाटलं, हे मला अजून विशेष वाटतं. एका रविवारी त्यांनी मला विचारलं, "हा फळा आल्यावर पोरी जास्त शिकतात की जास्त गप्प बसतात? हे कुणी तपासलं असेल का?" मी म्हणालो, असेल, पुस्तकं पाहू. पुस्तकांवरून गोष्ट पुढे गेली आणि त्रेपन्नाव्या वर्षी त्यांनी शैक्षणिक तंत्रज्ञानाच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाला दूरशिक्षणातून नाव घातलं. दिनकरराव म्हणाले, "रिटायरमेंटला पाच वर्षं राहिली, आता डिग्री घेऊन काय लोणचं घालणार?" त्या म्हणाल्या, "घालीन. मुरायला वेळ लागतो, म्हणून आत्तापासून."

रविवारी दुपारी त्यांच्या जेवणाच्या टेबलावर आमचा अभ्यास चाले. इंग्रजी उतारे मी वाचून अर्थ सांगायचा, त्या मराठीत टिपण काढायच्या आणि शेवटी हिंदीत उत्तर लिहायच्या. एका टिपणात तीन भाषा आणि दोन रंगांची शाई. त्यांचे प्रश्न पुस्तकाच्या बाहेरचे असत. मुलगी व्हिडिओ मागे नेऊन पुन्हा पाहते तेव्हा तिला कळलेलं नसतं, की आवडलेलं असतं? मला उत्तर येत नसे. "अच्छा, म्हणजे ग्रंथालयात पण नाही," म्हणून त्या प्रश्न वहीच्या शेवटच्या पानावर उतरवून ठेवत.

शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पासाठी त्यांनी प्रयोगांचे व्हिडिओ करायला घेतले. पहिला व्हिडिओ वीस मिनिटांचा झाला. त्यांचे मार्गदर्शक सर म्हणाले, "मैडम, छह मिनट से ऊपर कोई नहीं देखता." मग त्या फोनवरच कापाकापी शिकल्या. मोरचुदाच्या स्फटिकांचा व्हिडिओ मला दाखवला तेव्हा त्यांचा चेहरा एखाद्या विद्यार्थिनीसारखा झाला होता. गरम पाण्यात मोरचूद विरघळतं, द्रावण गाळलं जातं, चंचुपात्र टेबलावर ठेवलं जातं... आणि पुढच्याच क्षणी तळाशी निळेशार स्फटिक. पाच मिनिटं चाळीस सेकंद. मुलींनी तो घरी पुन्हा पुन्हा पाहिला. मीही दोनदा पाहिला.

पुढच्या आठवड्यात प्रयोगशाळेत मुलींनी तोच प्रयोग केला. सगळं अचूक केलं. दहा मिनिटं वाट पाहिली, पात्रात नुसतं निळं पाणी दिसलं, आणि चारपैकी तीन गटांनी ते मोरीत ओतून पात्रं धुऊन ठेवली. शैलाताई शेजारच्या वर्गातून परत आल्या तेव्हा पात्रं ओळीनं पालथी होती. शिवानी नावाची त्यांची सगळ्यात काटेकोर विद्यार्थिनी रडवेली होऊन म्हणाली, "मैम, हमसे खराब हो गया. वीडियो में तो तुरंत बन गया था."

त्या संध्याकाळी त्यांनी मला फोन केला. "भाऊ, मी मधला वेळ कापला," त्या म्हणाल्या. "सव्वीस वर्षं पोरींना थांबायला शिकवलं, आणि नवीन काही शिकले, तर पहिल्यांदा ते थांबणंच कापायला." आवाजात दुःख होतं, पण त्याखाली दुसरंही काही होतं. कोड्याचा धागा हाताला लागल्यासारखं.

त्यांनी हे सगळं प्रकल्पात लिहायचं ठरवलं. पालथी पात्रं, शिवानीचं वाक्य, स्वतःची चूक, पूर्ण एक प्रकरण. सरांनी ते वाचून परत पाठवलं. "आप अपने ही वीडियो को फेल बता रही हैं. इसे निकाल दीजिए, बाकी ठीक है." इथे प्रश्न साधा नव्हता. त्यांच्या नोंदणीची मुदत त्याच सत्रात संपत होती. प्रकल्प नापास झाला असता तर चार वर्षांचा अभ्यास गेला असता, आणि निवृत्तीपूर्वी पुन्हा सुरुवात करणं शक्य नव्हतं. त्यांनी मला विचारलं आणि मी, सावध माणूस, म्हणालो, "ताई, ते प्रकरण तूर्त काढा. पदवी हातात आल्यावर वेगळा लेख लिहू."

"तुम्ही ग्रंथपाल ना, भाऊ? आणि पानं फाडायला सांगता?"

दिनकरराव आतल्या खोलीतून हसले. मला हसू आलं नाही. पुढचे तीन रविवार मी काहीतरी कारण काढून गेलो नाही. खरं म्हणजे मला लाज वाटत होती.

तेवढ्या दिवसांत त्यांनी व्हिडिओ नव्यानं केला. आता पात्र टेबलावर ठेवल्यावर पडद्यावर त्या स्वतः येत आणि म्हणत, "अब वीडियो बंद करो. कॉपी में अंदाज़ लिखो. कल फिर खोलना." मुलींनी दुसऱ्या दिवशी पात्रं पाहिली. एका गटाचे स्फटिक तरीही बारीक झाले, कारण कुणाला तरी राहवलं नाही आणि पात्र हलवून पाहिलं. तेही त्यांनी लिहिलं. प्रकरण न काढता प्रकल्प पाठवून दिला.

तोंडी परीक्षेला मी सोबत गेलो, बाहेर बाकावर बसलो. पंधरा मिनिटांत त्या बाहेर आल्या. उत्तीर्ण झाल्या होत्या, साध्या द्वितीय श्रेणीत. पण चेहरा उतरलेला. "काहून, काय झालं?" मी त्यांच्याच बोलीत विचारलं. "अहो, ते प्रकरण कुणी उघडलंच नाही. अक्षराचा आकार लहान आहे, एवढंच बोलले. मी तर रात्रभर उत्तरं पाठ केली होती." मग कोपऱ्यावरच्या टपरीवर चहा घेत त्यांनी ती सगळी उत्तरं मला ऐकवली. मी परीक्षक झालो आणि जमतील तितके अवघड प्रश्न विचारले. माझ्याकडून झालेल्या चुकीची भरपाई म्हणून नव्हे... खरं तर तसंच असावं.

त्यानंतर त्यांच्या स्वयंपाकघराच्या खिडकीत एक बरणी आली. मोरचुदाचं दाट द्रावण, त्यात दोऱ्याला बांधून सोडलेला तांदळाएवढा एक स्फटिक, वर कागदाचं झाकण आणि बाहेर चिकटवलेली चिठ्ठी: 'हलवू नये'. पाण्याची पातळी टिपायला त्यांनी काचेवर कागदाची पट्टी लावली होती आणि दर रविवारी तिच्यावर एक रेघ ओढत. शेवटच्या भेटीत आम्ही दोघांनी शेवटी स्फटिक कसा दिसेल याचा आपापला अंदाज लिहिला, कपट्यांच्या घड्या करून बरणीखाली सरकवल्या. पाणी संपल्यावर एकत्र उघडायच्या, असं ठरलं.

त्या गेल्यानंतरच्या पुण्यानुमोदनाच्या विधीच्या दिवशी घर भरलेलं होतं, तेव्हा मी खिडकीकडे गेलो नाही. गेल्या रविवारी गेलो. दिनकररावांनी मला सरळ स्वयंपाकघरात नेलं. बरणी तिथेच होती. त्या गेल्यापासून त्यांनी खिडकीचं ते दारही उघडलं नव्हतं, हादरा बसेल म्हणून. स्फटिक दोऱ्यावरून केव्हातरी सुटून तळाशी पडला होता आणि एका बाजूला कलून तिथेच वाढला होता. करंगळीच्या नखापेक्षा मोठा, वेडावाकडा, निळा. मी तो दोऱ्याला लटकलेला असेल असं लिहिलं होतं. त्यांनी काय लिहिलं होतं, मला माहीत नाही.

दिनकररावांनी बरणीखालून डोकावणाऱ्या कपट्यांकडे बोट दाखवलं. "पाहायचं का, भाऊ? आता तिच्यासाठी काय थांबायचं..."

मी वाकून पाहिलं. तळाशी अजून बोटभर पाणी होतं.

"पाणी आहे अजून," मी म्हणालो.

दिनकररावांनी चष्मा लावला, फ्रिजवरची पेन्सिल घेतली आणि बरणीला धक्का न लावता पट्टीवर त्या रविवारची रेघ ओढली.