अप्पांच्या चेहऱ्यावरच्या रेघा
फ्लेक्सच्या शाईचा उग्र वास आला की रामनगरचं ते दुकान आठवतं. तिथं मी छपाईचं मशीन चालवत होते. माझे वडील, अप्पा गेले, तेव्हा त्यांच्या श्रद्धांजलीचा फ्लेक्स मीच छापायला घेतला. आधी नोझल तपासायची पट्टी काढली, तर काळ्या रेघा तुटक आल्या. शाई फवारणारं हेड धुऊन पाहिलं, तरी तशाच. "हेड झिजलंय, बदलायला पायजे," मी मालकांना म्हटलं. "चालतंय की अजून. श्रद्धांजलीचा फ्लेक्स कोण बारकाईनं बघतंय?" अप्पांच्या चेहऱ्यावर आडव्या पांढऱ्या रेघा उमटल्या, आणि तोच फ्लेक्स नाक्यावर लागला. पुढच्याच आठवड्यात पुढाऱ्याच्या वाढदिवसाचं काम आलं. मालकांनी लगेच नवं हेड मागवलं, बसवलं मीच. तो वाढदिवसाचा फ्लेक्स आज आमच्या सरपणावर झाकलाय. इतके पावसाळे खाऊनही पुढाऱ्याचा एक दात पुसलेला नाही.