एकदा थंड पेट्रोलवर अलिबाग, एकदा गरम पेट्रोलवर

सलग दोन दिवस पनवेलहून अलिबागला जाऊन परत आलेय. तोच रस्ता, तीच गाडी, तीच सुरमई थाळी. हसायचं तर आत्ताच हसून घ्या. आमच्या घरातल्यांचं आधीच हसून झालंय.

हे सगळं बाबांच्या नळीमुळे. बाबांचं वय त्र्याहत्तर. अख्खं आयुष्य बंदरावर ट्रेलर चालवण्यात गेलं. त्यांचं म्हणणं, पेट्रोल इंजिनात जाण्याआधी गरम केलं की गाडी जास्त अ‍ॅव्हरेज देते. "ओलं लाकूड धुमसतं, सुकलेलं चांगलं जलतं. पेट्रोलचं पण तसंच हाय." म्हणून त्यांनी आपल्या जुन्या गाडीत रेडिएटरच्या गरम पाण्याच्या पाइपाला तांब्याची नळी गुंडाळायची आणि पेट्रोल त्या नळीतून न्यायचं ठरवलं. नळी घरी स्वतः वळवली.

दादा, म्हणजे माझा मोठा भाऊ, इंजिनिअर. गेल्या महिन्यात बाबांनी सोसायटीच्या गेटला गाडी घासली, तेव्हापासून तो चावी मागतोय. नळी बघून तो पाहुण्यांसमोर खो खो हसला. "बाबा, असं झालं असतं तर कंपन्यांनी आधीच केलं नसतं का?" बाबांचा चेहरा पडला. पण मग म्हणाले, "मोजून बघू. फरक नाय पडला तर चावी देईन. पण मोजल्याबिगर नाय."

दादाचं कदाचित बरोबर असेल, पण ते हसणं माझ्या डोक्यात गेलं. मी पनवेलजवळच रोडपालीला राहते, लायसन्स आहे, रजा शिल्लक होती. म्हटलं, चला बाबा, मोजूया. दोन्ही दिवस मीच चालवीन, म्हणजे कुणाला बोट दाखवायला जागा नको.

पहिला दिवस नळीशिवाय. गर्दी टाळायला आठवड्याच्या मधले दिवस निवडले आणि सकाळी सहाला घराजवळच्या पंपावर टाकी भरली. बाबांची भरायची पद्धत खास. नोझल आपोआप बंद झालं तरी थांबायचं नाही. गाडी दोन्ही हातांनी गदागदा हलवायची, आत अडकलेली हवा बाहेर काढायची आणि पुन्हा भरायचं, पेट्रोल गळ्याशी दिसेपर्यंत. असं एरवी करू नये म्हणतात. पण मोजायचं तर दर वेळी एकसारखंच भरायला हवं.

पळस्पे फाटा, कर्नाळ्याची खिंड, पेण. एसी बंद. एप्रिल महिना, विचार करा! साठच्या वर काटा गेला की बाबा खाकरायचे. मागचे ट्रकवाले हॉर्न मारून मारून थकले. वडखळला उजवीकडे वळलात की रस्ता अरुंद होतो, तिथे ओव्हरटेकची घाई करू नका. पोयनाडला चहा घ्या. कार्लेखिंड उतरलात की अलिबाग आलंच. किनाऱ्यावर ओहोटी होती, लोक कुलाबा किल्ल्याकडे चालत निघाले होते. बाबा गाडीच्या सावलीतून हलले नाहीत. जेवण साडेतीनशेच्या थाळीत पोटभर, सोलकढी वेगळी मागायला लागत नाही.

परतताना मी पांढऱ्या कांद्याची एक माळ घेतली. बाबा उखडलेच.

"वजन वाढलं ना गाडीचं!"

"चार-पाच किलोनं काय होतंय बाबा?"

"मग उद्या पण एक माल घे. इथंच घे."

संध्याकाळी त्याच पंपावर, त्याच पद्धतीनं टाकी भरली. साडेदहा लिटर. पैसे अकराशेच्या घरात.

दुसऱ्या दिवशी पहाटे मेकॅनिकला घरी बोलावून नळी बसवली. मेकॅनिक म्हणाला, "काका, आग लागेल हां, लक्ष ठेवा." मी घाबरले होते, खोटं कशाला बोलू? एक अग्निशामक डबा पायाशी ठेवला आणि निघाले. तोच पोयनाडचा चहा, तीच थाळी, त्याच बाईकडून कांद्याची दुसरी माळ. ती म्हणाली, "काल न्हेलेला संपला पन?" मी काय सांगणार तिला!

परतीच्या वाटेवर बाबांचं लक्ष फक्त नळीकडे होतं. दर थोड्या वेळानं गाडी थांबवायला लावायचे, बॉनेट उघडायचे आणि गळती नाही ना ते बघायचे. मला मनापासून वाटत होतं, नळीनं आज काहीतरी चमत्कार करावा. ते हसणं दादाच्या घशात घालायचं होतं मला.

पंपावर आलो. नोझल खाडकन बंद झालं. साडेनऊ! अख्खा लिटर कमी!

"ऑटो कट झाला मॅडम. बस?" पंपावरच्या माणसानं विचारलं.

"बस, बस!" मी जवळजवळ ओरडलेच.

"नाय," बाबा म्हणाले.

ते खाली उतरले. दोन्ही हात गाडीला लावले आणि हलवायला लागले. गाडी डुलत होती आणि आतून हवेचे बुडबुडे गुडगुडत वर येत होते. "भर अजून," ते म्हणाले. मीटर पुढे सरकला. त्यांनी पुन्हा हलवली. मी म्हटलं, "बाबा, पुरे ना." त्यांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. पेट्रोल गळ्याशी दिसलं तेव्हा मीटर साडेदहावर होता, वर दोन-चार थेंब जास्तच.

तर वाचकहो, पेट्रोल गरम करून अ‍ॅव्हरेज वाढतं का? आमच्या गाडीत नाही वाढलं. पेट्रोल जळायच्या आधी इंजिनात तापतंच, आपण बाहेरून तापवून त्यात जास्तीची ताकद येत नाही. उलट गरम पाइपाजवळ पेट्रोल खेळवणं धोक्याचं आहे, तुम्ही हे करू नका. अ‍ॅव्हरेज हवं तर टायरमधली हवा बघा आणि पाय हलका ठेवा.

घरी आल्यावर बाबांनी चावी दादासमोर ठेवली. दादा म्हणाला, "मी आधीच सांगितलं होतं ना?"

"सांगितलं होतंस," मी म्हटलं. "मोजलं त्यांनी. तू फक्त हसलास." त्याला ते लागलं. लागायलाच हवं होतं.

आता बाबा बाजारात रिक्षानं जातात आणि रिक्षावाल्याला गिअर कधी टाकायचा ते सांगतात. नळी त्यांनी स्वतः काढून भंगारात दिली. आमच्याकडे कांदे मात्र अजून संपत नाहीत. परवा ते माझ्याकडे जेवायला आले होते, तेव्हा मी न राहवून विचारलंच, "बाबा, त्या दिवशी गाडी हलवली नसतीत तर चावी तुमच्याकडे राहिली असती. कुणाला कळलं असतं?"

कांदा फोडता फोडता ते थांबले. माझ्या प्रश्नाचं त्यांना खरंच नवल वाटलं होतं.

"अगो बाय," ते म्हणाले, "मग मला तरी कसं कललं असतं, नली चालते का नाय ते?"