समईच्या डोक्यावरचा थर्मामीटर

परदेशी, हॅमिल्टनला मुलाकडे गेले तेव्हा नातू सात महिन्यांचा, रांगायच्या अगदी बेतात. आणि सून म्हणते, "आई, हिवाळा संपेपर्यंत त्याला खाली सोडायचं नाही. जमीन बर्फ आहे." घर लाकडी, बुटक्या खांबांवर उभं, फळ्यांखाली नुसती हवा. पण म्हणून पोराने काय सोफ्यावर रांगायचं?

शाळेत जन्मभर भौतिकशास्त्र शिकवून मी नुकतीच निवृत्त झाले होते, म्हणजे जगातलं सगळं मलाच कळत होतं. वही काढली. खोलीचं क्षेत्रफळ, घरातल्या नि फळ्यांखालच्या तापमानातला फरक आणि फळीतून अंशामागे उष्णता किती निसटते तो आकडा. तिन्हींचा गुणाकार केला की झालं. खालचं तापमान घ्यायला मुलाची जुनी पँट चढवून झडपेतून घराखाली शिरले. वरून मुलगा म्हणाला, "आई, बाळाच्या आधी तूच रांगलीस."

खाली सहा अंश, घरात वीस. उत्तर असं भरघोस आलं की मी वही नाचवतच स्वयंपाकघरात गेले. "बघ, किती उष्णता खालून पळतेय. फळ्यांखालच्या तुळयांमध्ये लोकरीचं जाड इन्सुलेशन हवं."

सुनेने शांतपणे विचारलं, "वीस कुठे मोजलेत?"

"भिंतीवर. देवांपाशी."

"म्हणजे समईच्या डोक्यावर."

मुलगा इतका हसला की बाळ दचकलं. थर्मामीटर जमिनीवर ठेवला, तर अकरा. गणित पुन्हा केलं. फरक घटला तशी निसटणारी उष्णताही निम्म्याहून कमी.

"म्हणजे लोकर नकोच," मुलगा म्हणाला.

मी जी पेटले! "अरे, घरात ऊबच नाही तर निसटणार काय? आहे ते धरून नाही, हवं ते धरून मोजायचं. किती हवं बाळाला?"

"वीस," सून म्हणाली आणि स्वतःच हसायला लागली.

दोन शनिवार मी नि मुलगा घराखाली उताणे पडून तुळयांमध्ये लोकर बसवत होतो. माझ्या केसांत कोळ्यांची जाळी, तोंडाने अखंड सूचना. तिसऱ्या शनिवारी हीटर लावला, थर्मामीटर जमिनीवर ठेवला आणि सुनेने बाळाला पालथं सोडलं. ते तडक थर्मामीटरच्या गोल तबकडीकडे रांगत गेलं. आकडा वाचायचा राहूनच गेला. तबकडी त्याच्या तोंडात होती.

सुनेने त्याला उचललं, दोन्ही तळवे चाचपले. "कोमट आहेत," म्हणाली, आणि पुन्हा खाली सोडलं.