अनुक्रमणिकेतलं चौथं प्रकरण

कॉलेजसमोर प्रबंध टाइप करून देणारे ते गृहस्थ कुंभारीहून येतात आणि गिऱ्हाईक कुणीही असो, त्याला सर म्हणतात. अनुक्रमणिका कॉम्प्युटर एका क्लिकवर काढतो. तरी ते ती छापतात आणि एकेक पान उलटून, बोट ठेवून आकडे ताडून बघतात.

मला दुसऱ्या दिवशी प्रबंध जमा करायचा होता. त्यांचं बोट मध्येच थांबलं.

"सर, तिसऱ्यानंतर एकदम पाचवं प्रकरण आलंय. चौथं कुटं हाय?"

चौथं नंतर लिहू म्हणून ठेवलेलं, ते राहूनच गेलं होतं.

"मार्गदर्शकांनी वाचून सही केलीय," मी म्हणालो.

त्यांनी मान हलवली. मग ऋणनिर्देशाचं पान उघडून 'प्रत्येक प्रकरण बारकाईने वाचणाऱ्या मार्गदर्शकांचे आभार' या ओळीवर कर्सर नेला.

"ही ओळ ऱ्हाऊ द्यायची का, सर?"