मावशीला गाडीत बसवू नका

"तू हाक गाडी. मी येते मागनं," असं गाडीवानाला सांगून मावशी कासोटा घट्ट करायची आणि चालू लागायची. गाडी पुढे, मावशी मागे. कर्जत ते कळंब या पट्ट्यात तुमचा जन्म झाला असेल, तर बहुधा तिच्याच हातांत झाला असेल.

सुईणीला आणायला गाडी पाठवणं हा आपल्याकडचा मान. पण रिकामी गाडी बाळंतिणीच्या दारात आलेली कोणाला चालत नाही. म्हणून मावशी आपलं गाठोडं गाडीत ठेवायची. "माजं गठुडं बसलं म्हंजे मीच बसले. हाक!"

ती आमची शेजारीण. तिच्या मोरीत मुंग्या लागतात म्हणून कर्जतच्या डॉक्टरांनी तिची लघवी औषधात उकळली. निळं औषध विटेसारखं लाल झालं. मधुमेह. लढाईचे दिवस होते, साखर रेशनवर मिळायची. मावशी दारोदार सांगत सुटली, "सरकार द्येत नाय, आन् माज्या अंगात बगा, फुकट!"

डॉक्टरांनी तिला आणखीही काही सांगितलं होतं. ते तिने कोणालाच सांगितलं नाही. सांगितलं असतं तरी चालणं हे औषध असतं यावर आम्ही हसलोच असतो.

मी तेव्हा वीस वर्षांचा. उन्हात अनवाणी चालणारी म्हातारी आणि पुढे डुलत जाणारी गाडी पाहून माझं डोकं तडकायचं. मला वाटलं, मालकांच्या गाडीत बसायची तिची हिंमत होत नाही. तिला विचारावं असं काही मला सुचलं नाही. मी पत्रक काढलं : "तुमची लेकरं जिच्या हातांत जन्मतात, तिला उन्हातून चालवताना लाज वाटत नाही?" प्रत्येक गावाच्या चावडीवर ते चिकटवलं.

गावं शरमली. गाडीत गोधडी अंथरून येऊ लागली. मावशी उतरू लागली की गाडीवान हात जोडायचा. "मावशे, बस गं बाय. आमच्या गावाचं नाव छापून येल!"

"मेल्या, तू मला पांगळी करून ठेवलीस," ती मला म्हणायची. मला ते कौतुक वाटायचं.

वर्षभर ती बसून हिंडली. मग एके सकाळी आमच्या ओटीच्या तीन पायऱ्या चढताना ती दुसऱ्या पायरीवरच थांबली. हात छातीवर, ओठ पांढरे.

डॉक्टरांनी नळी लावून बराच वेळ ऐकलं. "हिला गाडीत कोणी बसवलं?"

मी म्हणालो, "मी."

"या रोगात हृदयाच्या नळ्या लवकर निबर होतात. हिची साखर चालण्याने जिरत होती, काळीजही त्यानेच धड होतं. आता रोज थोडं चालवा. एकदम नाही. छातीत दुखलं की तिथेच थांबायचं."

दुसऱ्या दिवसापासून मी तिच्याबरोबर. पहिले आठ दिवस फक्त विहिरीपर्यंत. मग शेताच्या बांधापर्यंत, मग ओढ्यापर्यंत. ती थांबली की माझा जीव टांगणीला.

"काय बगतोस रं? मेले नाय अजून. तोवर दुसरा कागूद छाप."

चार महिने असे गेले. मग वरच्या वाडीतून एक माणूस धावत आला. त्याची बायको पहाटेपासून अडली होती. डोंगरातली वाट, गाडी जाणं शक्यच नव्हतं.

"मावशी, तू जायचं नाहीस," मी म्हणालो.

"ती पोर मरंल तिकडं. तू जाशील का बाळंतपण कराया?"

आम्ही तिघं निघालो. प्रत्येक वळणावर मी मागे बघत होतो. ती सांगितल्याप्रमाणे थांबत होती, श्वास जमला की निघत होती. शेवटच्या चढाशी तिने गाठोडं माझ्या हातात कोंबलं. "तुमी दोगं व्हा पुढं. पाणी ठेवा चुलीवर."

वर पोचलो. पाणी ठेवलं. आतून त्या बाईचा आवाज येत होता, आणि तो बारीक होत चालला होता. तो माणूस कधी दाराकडे बघे, कधी माझ्याकडे. मी वाटेकडे बघत होतो. वाटेवर कोणी नव्हतं. पाण्याला आधण आलं, तरी कोणी नव्हतं. तिला तिथे एकटीला सोडून मी वर आलो होतो. मी खाली धावलो.

पहिल्याच वळणावर ती समोर आली. मान खाली, पावलं सावकाश, एकासारखी एक. माझं लक्ष तिच्या हाताकडे गेलं. तो छातीवर नव्हता. चालता चालताच ती पदर कमरेला खोचत होती.

"बाजूला हो," ती म्हणाली, आणि मला ओलांडून वर गेली.