आपटबार आणि भिंगवाले

आमचे भावोजी काय करतात असं कुणी विचारलं की ताई आधी विषय बदलायची. विचारणारा चिवट निघाला तर "कारखान्यात आहेत" एवढंच सांगायची. आणि तो अगदीच खनपटीला बसला तर चिडून म्हणायची, "वस्तू खाली पाडतात. त्याचा पगार मिळतो त्यांना. झालं समाधान?"

यात एक अक्षरही खोटं नव्हतं. आमचा कारखाना छोट्या आगगाड्यांचा, म्हणजे टेबलावर मावणाऱ्या, विजेवर रुळांवरून फिरणाऱ्या गाड्यांचा. मी रंगखात्यात होतो, इंजिनांवर बारीक ब्रशनं नंबर आणि पट्टे काढायचो. भावोजी तपासणी खात्यात होते. तपासणी खातं म्हणजे भावोजी, एक लांबलचक जुनं जेवणाचं टेबल आणि खाली दगडी फरशी. टेबल मोठ्या मालकांच्या घरचं. त्यांच्या मुलीनं लहानपणी या टेबलावरून कारखान्याचं पहिलंवहिलं इंजिन खाली पाडलं, त्याचे दोन तुकडे झाले आणि पोरगी रडून रडून आजारी पडली. मालकांनी टेबलच उचलून कारखान्यात आणलं आणि नियम केला, की या टेबलावरून पडूनही जे इंजिन धावेल तेच आपल्या नावानं विकायचं. आता पाडायला कुणीतरी हवं. भावोजी तेव्हा नवीन होते आणि नेमके रिकाम्या हातांनी उभे होते. त्यांच्या आयुष्याचा निर्णय असा झाला.

"पाडणं" हा शब्द मात्र त्यांना आवडत नसे. "पोर काही फेकत नाही," ते मला समजावत, "पोराच्या हातातून सुटतं. तसंच सोडता आलं पाहिजे." आणि ते त्यांना यायचं, हे मान्य करायला हवं. टेबलाच्या कोपऱ्यावर उभे राहायचे, समोरच्यानं दिलेलं इंजिन घ्यायचे, हवं तसं वळवायचे आणि बोटं उघडायचे. झटका नाही, जोर नाही. चाकांवर, नाकावर, कुशीवर, टपावर. धाड! मग ते उचलून रुळावर ठेवायचे आणि धावलं की मान हलवायचे. सगळा कारखाना त्यांना आपटबार म्हणायचा, तेही तोंडावर. भावोजींना ती पदवी वाटायची.

पंचाईत घरी होती. इतकी वर्षं तेच केल्यावर हाताला स्वतःची अक्कल फुटते. भावोजी टेबलाशेजारी उभे असले आणि समोरून कुणी काही हातात दिलं, की बोटं आपोआप उघडत. ताईच्या काचेच्या बरण्या गेल्या, पेले गेले, लग्नात आलेली फुलदाणी गेली. पाहुण्यांना स्टीलच्या पेल्यात चहा देताना ताई म्हणायची, "आम्हाला स्टीलच आवडतं." आणि भावोजी खिडकीबाहेर बघत बसायचे.

यात माझी भाची बाळंत झाली आणि महिनाभरासाठी बाळाला घेऊन आईकडे आली. बाळ हे असं कोपरापासून बोटांपर्यंत. म्हणजे आमच्या मोठ्या इंजिनाएवढं. सगळ्यांनी त्याला घेतलं, शेजारणीनं घेतलं, मी घेतलं, गॅसची टाकी घेऊन आलेल्यानंसुद्धा बोट लावलं. भावोजी जवळ आले की ताई मधे उभी राहायची. "तुम्ही लांबून बघा हो. छान दिसतंय लांबून." भाची बाळाला जरा आत ओढून घ्यायची. भावोजी हसायचे आणि दोन्ही हात पाठीमागे बांधून उभे राहायचे. त्यांचं ते हसू मला बघवत नसे, म्हणून मी बाळाकडे बघायचो.

इकडे कारखान्यात वेगळंच वादळ उठत होतं. आमचं गिऱ्हाईक दोन जातींचं. एक पोरं आणि त्यांचे आईबाप. त्यांच्या तक्रारी सरळ असत. इंजिन धुण्याच्या यंत्रात गेलं, धाकट्यानं चाक गिळलं, कुत्र्यानं डबा पुरला. दुसरी जात मोठ्या माणसांची. त्यांना आम्ही भिंगवाले म्हणायचो. हे लोक पोटमाळ्यावर नाहीतर तळघरात आख्खं स्टेशन उभारतात, बायकोला आत येऊ देत नाहीत, आणि इंजिन घेतलं की पहिलं भिंग काढतात. मग लिहितात, बॉयलरवर रिव्हेट कमी आहेत. शिट्टी डावीकडे कललेली हवी. कठडा अंगठ्याएवढा जाड आहे, खऱ्या इंजिनाचा कठडा पकडून कुणी असं लोंबकळतं का? एकानं मला स्वतंत्र लिहिलं होतं की तुमच्या हिरव्यात पिवळा जास्त झाला आहे. त्या गृहस्थानं ते खरं इंजिन कधी पाहिलेलं नव्हतं, त्याच्या जन्माआधीच ते भंगारात गेलं होतं.

पोरांच्या इंजिनाला जाड कठडा लागतो कारण ते पडतं. भिंगवाल्यांना केसाएवढा कठडा हवा असतो कारण त्यांच्याकडे कुणी हातच लावत नाही. मोठे मालक होते तोवर कठडा जाड राहिला. ते गेले आणि मुलगी खुर्चीवर बसली. हो, तीच, रडून आजारी पडलेली. मॅडम हुशार बाई. त्यांनी बघितलं की पोरं आता फोनशी खेळतात, भिंगवाले मात्र वाढताहेत. त्यांनी एक नवं लांब इंजिन काढायचं ठरवलं, धड आमच्याच मोठ्या इंजिनाचं, पण वर केसाएवढे कठडे, तारेच्या पायऱ्या, वेगळी शिट्टी, वेगळे दिवे, सगळं आमच्या कारागिरांनी चिमट्यानं बसवलेलं. ते टेबलावरून पडून टिकणार नव्हतं हे उघड होतं. म्हणून मॅडमनी भावोजींना बोलावून गोडीनं सांगितलं, "काका, भिंगवाल्यांच्या मंडळाला हा नमुना पसंत पडला की तपासणी बंद करू या. मग सगळीच इंजिनं अशी करायची. तुम्हाला गोदामात हलकं काम देते."

भावोजी "बरं" म्हणाले. परत येऊन त्यांनी फडकं घेऊन टेबल पुसलं, जणू घरी पाहुणे यायचे होते. मला फार वाईट वाटलं, आणि रागही आला. माणसानं उभी हयात एक गोष्ट चोख करावी आणि शेवटी त्याला हलकं काम मिळावं!

पाहुणे खरोखरच आले. मंडळाचे अध्यक्ष दातांचे डॉक्टर होते आणि त्यांच्याबरोबर एक निवृत्त न्यायाधीश होते, ज्यांना हसण्याची सवय नव्हती. आता या दोघांना बसवायचं कुठे? नमुना लांब, त्याचे रूळ लांब, आणि कारखान्यात तेवढं लांब टेबल एकच. मॅडमनी त्याच्यावर हिरवं कापड टाकायला सांगितलं, खुर्च्या लावल्या, चहा मागवला. ते टेबल कुठलं याचा विचार कुणाच्या डोक्यात आला नाही. भावोजींना खुर्च्या मांडायला बोलावलं होतं, मला नमुन्याचे नंबर दाखवायला. खुर्च्या मांडून झाल्यावर भावोजी उभे राहिले ते नेहमीच्या कोपऱ्यावर. दुसरीकडे कुठे उभं राहायचं हे त्यांना ठाऊकच नव्हतं.

मॅडमनी पेटीतून इंजिन काढलं. काय देखणं होतं! न्यायाधीश पुढे वाकले, डॉक्टरांनी भिंग काढलं. कापडाला एक चुणी पडली होती, ती सरळ करायला मॅडमना हात मोकळे हवे होते. "काका, जरा घ्या हो," त्या न बघताच म्हणाल्या आणि इंजिन समोरून भावोजींच्या हातात दिलं.

मी तोंड उघडलं, पण आवाज फुटायच्या आत भावोजींनी इंजिन नाकावर वळवलं आणि बोटं उघडली.

धाड!

शिट्टी खुर्चीखाली गेली. पायऱ्या, दिवे, कठडे फरशीवर विखुरले. मॅडमच्या तोंडचं पाणी पळालं. न्यायाधीशांनी भावोजींकडे एकदा अशा नजरेनं पाहिलं की आता शिक्षा फक्त वाचून दाखवायची बाकी आहे. आणि भावोजी? ते स्वतःच्या तळहाताकडे बघत होते, जणू तो दुसऱ्याच कुणाचा आहे. भावोजींची ती नजर फक्त मी पाहिली, कारण तोवर बाकी सगळे खाली बघू लागले होते.

"कुणीही पाय हलवू नका!" डॉक्टर ओरडले आणि सुटाबुटासकट गुडघ्यांवर उतरले. मागोमाग न्यायाधीश. टेबलाखालून त्यांचा आवाज आला, "दिवा मिळाला. डावा." "शिट्टी बघा, शिट्टी!" मग ते दोघे वर आले ते लाल चेहऱ्यांनी, केस विस्कटलेले, मुठीत तुकडे. इंजिनाच्या धडाला ओरखडासुद्धा नव्हता, ते आमच्याच जुन्या साच्यातलं होतं. डॉक्टरांनी खिशातून चिमटा काढला, तो त्यांच्या खिशात असतोच, आणि गोंद मागितला. एक पायरी त्यांनी बसवली, दुसरीसाठी न्यायाधीशांनी हात पुढे केला. शिट्टीवरून दोघांचं चांगलंच वाजलं. डॉक्टर म्हणत होते ती सरळ हवी, न्यायाधीश म्हणत होते डावीकडे कललेली. चहावर साय धरली. मॅडम उभ्या होत्या आणि मी उभा होतो, पण आमच्याकडे कुणी बघेना.

शेवटी डॉक्टरांनी मान वर केली. "मॅडम, हे सगळं तुम्ही बसवून का देता? खरी मजा तर बसवण्यात आहे. ती तुमच्या कारागिरांनी का घ्यायची?"

मॅडम शेवटी मालकांचीच मुलगी. त्यांना एवढं पुरलं. धड सगळ्यांना एकच करायचं, टेबलावरून पडून टिकणारं, आमचं जुनंच. पोरांच्या खोक्यात त्याला जाड कठडा लावून द्यायचा. भिंगवाल्यांच्या खोक्यात धड बोडकं ठेवायचं आणि बारीकसारीक सगळं एका पुडीत घालून सोबत द्यायचं. आणि हे अर्धवट खोकं पुऱ्या खोक्याहून महाग. भिंगवाल्यांनी ते डोक्यावर घेतलं. माझे नंबरसुद्धा चिकटवण्याचे कागद होऊन पुडीत गेले. तेव्हापासून मी ब्रश ठेवला आणि पुड्या भरतो. असो.

तपासणी वाचली, टेबल वाचलं, भावोजी वाचले. नुसते वाचले नाहीत, थोर झाले. न्यायाधीशांनी निघताना त्यांचा हात हातात घेतला. "युक्तिवाद केला असतात तर आम्ही ऐकला नसता. तुम्ही पुरावाच समोर टाकलात." मॅडमचे डोळे भरून आले होते. "काका, मी बाबांचा नियम मोडायला निघाले होते. तुम्ही शब्द न बोलता मला जागं केलंत." भावोजींनी तोंड उघडलं. माझ्याकडे पाहिलं. तोंड मिटलं.

घरी चालत येताना त्यांनी विचारलं, "तुला काय वाटतं?"

"कशाचं?"

"काही नाही," ते म्हणाले.

आमच्याआधी बातमी घरी पोचली होती. ताई दारातच उभी. "अहो, मुद्दाम सोडलंत म्हणे! एवढ्या मोठ्या लोकांसमोर! आणि मी मेली समजत होते यांना काही कळतच नाही." तिचा ऊर अभिमानानं भरून आला होता. मग ती थबकली. "म्हणजे माझे पेलेसुद्धा मुद्दामच फोडलेत की काय?"

"छे, छे! ते चुकून," भावोजी घाईनं म्हणाले.

"आणि माझी फुलदाणी?"

"तीही चुकूनच."

"आणि इंजिन तेवढं मुद्दाम?"

 मी बुटाची नाडी सोडू लागलो, माझ्या बुटाला नाडी नव्हती तरी.

तेवढ्यात भाची आतून बाळ घेऊन आली. तिचे डोळे पाणावले होते. "बाबा, आम्ही उगाच तुमच्या हातांना नावं ठेवली. घ्या, बाळाला घ्या."

भावोजी जेवणाच्या टेबलाशेजारी उभे होते. बाळ समोरून येत होतं. त्यांचे हात पुढे झाले, आणि मी बघितलं, तळवे नेहमीसारखे वळले.  आता खरं सांगितलं तर बाळ पुन्हा लांबून बघायचं, आणि नाही सांगितलं तर ते हातात घ्यायचं. भावोजींनी हात मागे घेतले. टेबलापासून बाजूला झाले. भिंतीशी गेले आणि जमिनीवर मांडी घालून बसले, पाठ भिंतीला टेकवून.

"आता दे," ते म्हणाले.

"अहो बाबा, खुर्ची आहे की."

"इथंच बरं. कंबर धरते माझी."

भावोजींची कंबर उभ्या आयुष्यात कधी धरली नाही. मी पलंगावरची उशी काढली आणि त्यांच्या मांडीवर ठेवली, दुसरी गुडघ्याशी. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि मी त्यांच्याकडे. मग भाचीनं बाळ त्यांच्या हातात दिलं.

बाळ झोपलं, बाळ उठलं, बाळ रडायला लागलं. ताईनं दोनदा चहा आणला, तो त्यांनी घेतला नाही. शेवटी बाळाला दूध पाजायची वेळ झाली तेव्हा भाची खाली वाकली. तिला त्यांची बोटं एकेक करून सोडवावी लागली.