एकच माईक आणि आम्ही चौघे

"अण्णा, स्वल्प मागे!" तो ओरडला आणि आमचा ढोलकीवाला मुकाट्याने आणखी वीतभर मागे सरकला.

जे. पी. नगरातल्या माझ्या हॉलमध्ये आमच्या चौघांचं गाणं रेकॉर्ड करायला हा गृहस्थ आला होता, तोही एकच माईक घेऊन. मधोमध माईक रोवायचा आणि त्याच्याभोवती माणसं हलवायची, ही त्याची पद्धत. गायिका माईकच्या नाकाशी, तंबोरेवाली तिच्या पाठीशी, माझी पेटी सोफ्याआड हद्दपार आणि ढोलकी थेट बाल्कनीत. आणखी एकदा 'स्वल्प' म्हणाला असता, तर ढोलकीवाला शहराच्या दुसऱ्या टोकाला राजाजीनगरात पोचला असता.

त्या बिचाऱ्याला दुपारच्या गाडीने कायमचं बेळगावला जायचं होतं. आमच्याबरोबरचं त्याचं हे शेवटचं वाजवणं, आणि सगळी सकाळ सरकण्यातच गेली. अखेर "सरी", म्हणजे ठीक, असं म्हणून या रेकॉर्डिंगवाल्या महाशयांनी बोट वर केलं. मग आम्ही असे रंगलो की शेजारच्या कुकरने आपली शिट्टी गिळली.

ढोलकीवाला घाईघाईने गाडीला गेला, तेव्हा आम्ही रेकॉर्डिंग ऐकलं. अख्ख्या गाण्यात धप धप, जणू बोम्मसंद्र्याच्या कारखान्यातलं यंत्र हॉलमध्ये आणून बसवलंय. माईकच्या स्टँडला खेटून बसलेल्या या रेकॉर्डिंगवाल्याच्याच पायाचा तो आवाज.

"अहो, आम्हाला पुतळे करून ठेवलंत आणि तुम्हीच ठेका धरलात?" मी कडाडलो.

वायर गुंडाळत तो म्हणाला, "चांगलं वाजत होतं."